काटा आत, पेट्रोल बाहेर

इंजेक्टर पेट्रोल मोजत नाही. तो एक झडप आहे. विजेचा इशारा मिळाला की ती उघडते आणि काही सहस्रांश सेकंदांत मिटते. सिलिंडरकडे किती पेट्रोल गेले हे गाडीचा संगणकही थेट मोजत नाही. झडप किती वेळ उघडी ठेवली त्यावरून तो आकडा धरून चालतो. या साऱ्या हिशेबाखाली एकच गृहीत असते, ते म्हणजे झडपेमागे पेट्रोलचा दाब ठरल्याइतका आहे. ते गृहीत खरे की खोटे हे सांगणारे साधन म्हणजे फ्युएल प्रेशर गेज. बहुतेक गाड्यांत ते कंपनीकडून मिळत नाही. ज्याला हवे त्याने ते विकत घेऊन बसवायचे असते आणि दुकानात गेल्यावर पहिलाच प्रश्न येतो, मेकॅनिकल की इलेक्ट्रिक?

दाब घटला की पेट्रोल नेमके त्याच प्रमाणात घटते, असे नाही. ते दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. 3 बारचा दाब 2 बारवर आला तर दाब एक तृतीयांशाने उतरतो, पेट्रोल मात्र सुमारे 18 टक्क्यांनी. घरगुती गाडीचा संगणक ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून झडप थोडी जास्त वेळ उघडी ठेवतो आणि ही तूट बरीचशी भरून काढतो. त्यामुळे आजार महिनोन्महिने लपून राहतो. गाडी गावात नीट चालते, घाटात मात्र पिकअप देत नाही. ओव्हरटेक करताना झटके मारते, सकाळी चार-चार वेळा सेल्फ मारावा लागतो. मग प्लग बदलले जातात, कॉइल बदलली जाते, एखादा सेन्सरही बदलला जातो. दोष असतो चोंदलेल्या फिल्टरचा किंवा थकलेल्या पंपाचा, आणि तो दहा मिनिटांत गेजवर दिसला असता.

गेज घेण्याआधी आपल्या गाडीत दाब किती असतो हे माहीत हवे. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तो अगदी थोडा असतो, साधारण 3 ते 6 पीएसआय. प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर, जुनी मारुती 800 या सगळ्या त्याच पंगतीतल्या. भारतात 2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंजेक्टरची एमपीएफआय पद्धत आली. त्यासोबत दाब थेट 3 बारच्या आसपास गेला, म्हणजे 43.5 पीएसआय. ज्या गाड्यांत पेट्रोल टाकीकडे परत जाणारी नळीच नसते, त्यांत तो साडेतीन-चार बारपर्यंतही असतो. गॅरेजमध्ये यातले कोणतेच एकक ऐकू येत नाही. तिथे ‘तीन किलो प्रेशर’ म्हणतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला तीन किलो. एक बार म्हणजे 14.5 पीएसआय आणि साधारण 1.02 किलो, त्यामुळे बार आणि किलो एकच मानले तरी गॅरेजच्या कामापुरते बिघडत नाही. पीएसआयमधला आकडा किलो समजून वाचला तर मात्र बिघडते.

याहून वरच्या दाबाच्या गाड्या या निवडीतून आधीच बाहेर काढाव्यात. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांच्या रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, दाब शेकडो बारपर्यंत चढतो. कॉमन रेल डिझेलमध्ये तो हजाराच्याही पुढे जातो आणि तिथली बारीक गळतीची धार कातडीत घुसते. बाजारातले कोणतेही डायलचे गेज तिथे लावायचे नसते. कंपनीने रेलवर बसवलेला सेन्सर आणि स्कॅनर एवढ्यावरच तिथले काम चालते.

मेकॅनिकल गेजच्या पोटात एक चपटी, कमानीसारखी वाकवलेली धातूची नळी असते. तिचे एक टोक बंद, दुसरे पेट्रोलच्या लाइनला जोडलेले. दाब आला की नळी सरळ व्हायला बघते. जत्रेत मिळणारी, फुंकली की उलगडणारी कागदी पिपाणी ज्याने वाजवली आहे, त्याला यापुढे समजवावे लागत नाही. फरक इतकाच की पितळी नळीचे टोक जेमतेम काही मिलिमीटर सरकते. ती हालचाल दातेरी पट्टी आणि छोटे चक्र यांतून मोठी होते आणि काटा जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरतो. ही युक्ती पॅरिसच्या यूजीन बूर्दों याला सापडली ती एका चुकीतून. वाफेच्या इंजिनासाठी वेटोळी नळी वाकवताना ती चेपली. चेप काढायला त्याने एक टोक बंद करून पंपाने आत पाणी भरले, तेव्हा चेपाबरोबर वेटोळेही उलगडू लागले. 1849 मध्ये त्याने पेटंट घेतले, 1851 च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्याला पदक मिळाले. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर, गॅस वेल्डिंगच्या सिलिंडरवर आणि रुग्णालयातल्या ऑक्सिजनवर आजही बूर्दोंचीच नळी काटा फिरवते.

या गेजला वीज लागत नाही, वायर लागत नाही, बॅटरी उतरली तरी ते खरे बोलते. त्याच्या अडचणी दोन. पहिली थरथर. इंजेक्टर उघडझाप करतात तसे रेलमध्ये दाबाचे हेलकावे उठतात, वर इंजिन हादरत असते, त्यामुळे काटा नाचतो आणि दाते झिजतात. यावर उपाय म्हणून डबीत ग्लिसरीन भरतात. काटा त्यात जड होऊन संथ फिरतो. पण त्या उपायाचीही एक खोड आहे. बोनेटखाली डबी तापली की ग्लिसरीन फुगते, वरची कोंडलेली हवा दाबली जाते आणि ती नळीला बाहेरून रेटू लागते. पेट्रोलचा दाब जिथल्या तिथे असतो, काटा मात्र कमी दाखवतो. म्हणून चांगल्या गेजच्या डोक्यावर छोटे रबरी बूच किंवा व्हॉल्व्ह असतो. ते क्षणभर उघडून कोंडलेली हवा सोडायची आणि मग वाचायचे. 3 बारच्या गाडीत हा फरक खपून जातो. 4 पीएसआयच्या कार्ब्युरेटरला तो पूर्ण फसवतो. गाडी गरम झाल्यावर दाब पडतो म्हणून किती चांगले पंप काढून फेकले गेले असतील, कोण जाणे.

दुसरी अडचण मोठी आहे, आणि सगळी निवड तिच्याभोवती फिरते. मेकॅनिकल गेजपर्यंत खुद्द पेट्रोल पोचावे लागते. काटा ड्रायव्हरसमोर हवा असेल तर दाबाखालचे पेट्रोल बारीक नळीतून ड्रायव्हरच्या गुडघ्यापर्यंत आणावे लागते. जुन्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये ऑईल प्रेशरची नळी अशीच डॅशबोर्डपर्यंत यायची. ती फुटली तर पायावर गरम तेल सांडे, पँट आणि मॅट वाया जाई. पेट्रोलचे तसे नाही. उणे 40 अंशांच्याही खाली पेटण्याजोगी वाफ देणारे हे द्रव आहे. वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती पायाशी साचते, तिथेच फ्यूजबॉक्स आणि ब्रेकलाइटचा स्विच असतो. तीन बार दाबाखाली सुईएवढे भोक पडले तरी थेंब गळत नाहीत, फवारा उडतो.

शर्यतीच्या जगात हे फार पूर्वी लिहून ठेवले आहे. फिया या जागतिक मोटार महासंघाच्या नियमांनुसार इंधनाची लाइन ड्रायव्हरच्या कक्षातून नेता येते. पण पुढच्या-मागच्या भिंती सोडून आत कुठेही तिला जोड नसावा. गेजला जोडलेली नळी म्हणजे आतला जोडच. रस्त्यावरच्या गाडीला हा नियम लागू नाही, पेट्रोलला मात्र ते ठाऊक नसते.

यातून काढलेली एक पळवाट म्हणजे आयसोलेटर. बोनेटखाली एक डबी बसवतात, मधोमध लवचीक पडदा. पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला न गोठणारे, न पेटणारे द्रव. तेच द्रव नळीतून आतल्या गेजपर्यंत जाते आणि पेट्रोलचा दाब पडद्यामार्फत काट्याला कळवते. कल्पना नामी आहे. मात्र नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला की काटा ढिला पडतो आणि पडदा जुना होऊन फाटला तर आपण पुन्हा पहिल्या घरात. ज्यांना मेकॅनिकल डायलचीच हौस आहे त्यांच्यासाठी हे ठीक. नव्याने सुरुवात करणाऱ्याने या वाटेला जाण्याचे कारण दिसत नाही.

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसवाल्यांनी आणखी सरळ उपाय काढला. त्यांनी गेज बोनेटवरच, काचेच्या बाहेर, ड्रायव्हरकडे तोंड करून बसवले. आपल्याकडचे जाणते मेकॅनिक ट्रायल घेताना नकळत तेच करतात. लांब नळीचे गेज बोनेटच्या फटीतून बाहेर काढून वायपरच्या पात्याखाली अडकवतात आणि गाडी चढावर नेतात. काटा काचेतून दिसतो, पेट्रोल काचेपलीकडेच राहते.

इलेक्ट्रिक गेज हेच काम वायरने करते. पेट्रोल सेन्सरपाशी थांबते. जुन्या धाटणीच्या सेन्सरमध्ये पडदा एका सरकत्या पट्टीला ढकलतो आणि विजेचा रोध बदलतो. आताच्या सेन्सरमध्ये सरकणारा भागच नाही. सिलिकॉन दाबले की त्याचा विद्युतरोध लक्षणीय बदलतो हे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या चार्ल्स स्मिथ यांनी 1954 मध्ये दाखवले, आणि आजचे बरेचसे दाबाचे सेन्सर त्या शोधावर उभे आहेत. सेन्सरला 5 व्होल्ट देतात, तो दाबाप्रमाणे अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत परत देतो. 0 ते 100 पीएसआयच्या सेन्सरमध्ये 4 व्होल्टमध्ये 100 पीएसआय बसतात, म्हणजे एका व्होल्टला 25. रेलमध्ये 43.5 पीएसआय असतील तर वायरीवर 2.24 व्होल्ट यायला हवेत. साधा मल्टिमीटर लावून हे कोणालाही ताडता येते. शून्य दाबालाही अर्धा व्होल्ट ठेवला आहे तो मुद्दाम. वायर तुटली तर शून्य व्होल्ट येतो आणि दाब गेला की वायर गेली हे वेगळे ओळखता येते. साध्या रोधाच्या सेन्सरमध्ये ही सोय नाही.

बाजारात फसगत होते ती इथे. डायल सारखे दिसतात, सेन्सर सारखे दिसतात, पण ते एकमेकांसाठी केलेले नसतात. युरोपीय पद्धतीचे रोधाचे सेन्सर 10 ते 180 ओहम असतात, अमेरिकी पद्धतीचे 240 ते 33. म्हणजे एकात दाबाबरोबर रोध वाढतो, दुसऱ्यात उतरतो. एकाचे गेज आणि दुसऱ्याचा सेन्सर जोडला तर दाब चढताना काटा खाली येतो. म्हणून गेज आणि सेन्सर जोडीनेच घ्यावेत. सेन्सर बिघडला तर त्याच जातीचा घ्यावा.

इलेक्ट्रिकबद्दलची जुनी तक्रार अशी की त्याचा काटा पाव वर्तुळच फिरतो आणि आळशी असतो. ती एके काळी खरी होती. स्टेपर मोटरवर चालणारे आजचे काटे मेकॅनिकलइतकेच फिरतात. शिवाय दाब पडला की लाल दिवा लावणे, सर्वांत कमी आकडा लक्षात ठेवणे, नोंद संगणकाला पुरवणे, ही कामे बूर्दोंच्या नळीला कधीच जमणार नाहीत. टर्बो बसवलेल्या गाडीत हा चोचला नसतो. टर्बो 1 बार हवा कोंबत असेल तर इंजेक्टरच्या पुढूनही 1 बारचा रेटा येतो. रेल 3 बारवरच राहिली तर खरा फरक 2 बारच उरतो आणि वर सांगितलेली 18 टक्क्यांची तूट ऐन जोरात असताना पडते. रेल त्या क्षणी 4 बार हवी. ती नसेल तर पेट्रोल कमी, हवा जास्त, उष्णता बेसुमार, आणि पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या शर्यतीत गाडी पळवणाऱ्याने तेव्हा डायलकडे बघत बसावे ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याला दिवा हवा.

काटा आत आणि इंधन बाहेर ठेवण्याची ही सोय महाराष्ट्रातल्या हजारो गाड्यांत आधीपासून आहे, फक्त तिच्याकडे कोणी गेज म्हणून पाहत नाही. सीएनजी किटच्या रेग्युलेटरपाशी बोनेटखाली एक गोल मीटर असतो. तो मेकॅनिकलच, 200 बारच्या गॅसचा दाब थेट पोटात घेणारा. पण बहुतेक किटमध्ये त्याला एक छोटा सेन्सर आणि वायर जोडलेली असते. ती वायर डॅशबोर्डवरच्या स्विचला जाते आणि तिथे चार हिरवे दिवे लागतात. पंपावर रांगेत उभा असलेला ड्रायव्हर तेच दिवे बघत असतो. गॅस बोनेटखालच्या मीटरपाशीच थांबतो, आत येते फक्त वीज.

मेकॅनिकल अचूक की इलेक्ट्रिक, यावर तास-तास वाद चालतात. खरी चूक बहुधा तिसरीकडेच असते, ती म्हणजे चुकीच्या मापाचा डायल. गेजवर 1.0, 1.6, 2.5 असा बारीक आकडा छापलेला असतो. युरोपीय मानक ईएन 837 प्रमाणे 1.6 म्हणजे पूर्ण मापाच्या 1.6 टक्के इतकी चूक मान्य. 0 ते 100 पीएसआयच्या गेजमध्ये ती 1.6 पीएसआय होते. एमपीएफआयच्या 43 मध्ये दीड इकडे-तिकडे झाले तर हरकत नाही. तेच गेज पद्मिनीला लावले तर 4 च्या जागी अडीचही दिसतील आणि साडेपाचही, आणि तिन्ही आकडे गेजच्या लेखी बरोबर! तिथे 0 ते 15 चा डायल हवा; त्यात चूक पाव पीएसआयच्या आत राहते. नेहमीचा दाब मापाच्या मधल्या पट्ट्यात यावा, हा दंडक दोन्ही जातींना सारखाच लागू. कार्ब्युरेटरवाल्यांनी हे विशेष जपावे, कारण जुना मेकॅनिकल पंप काढून इलेक्ट्रिक पंप बसवला की दाब अनेकदा जास्त होतो, फ्लोटची सुई उचलली जाते आणि पेट्रोल वरून वाहू लागते.

गॅरेजमधली तपासणी मात्र मेकॅनिकल गेजचीच जागा आहे, आणि ती तशीच राहील. मेकॅनिक आधी पंपाचा फ्यूज काढतो आणि इंजिन चालू ठेवतो. रेलमधले पेट्रोल संपले की इंजिन आपोआप बंद पडते. मग बॅटरीची निगेटिव्ह काढून, जोडावर चिंधी धरून, क्लिप दाबून नळी सोडवतो आणि मध्ये गेजचा टी-जोड बसवतो. फ्यूज परत जातो, बॅटरी परत जोडली जाते. सेल्फ न मारता चावी दोन-तीनदा ऑन करायची, दर वेळी पंप मागे दोनेक सेकंद गुणगुणतो आणि काटा उसळून 3 बारपाशी थांबतो. इंजिन सुरू केल्यावर, दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असलेल्या गाडीत काटा अडीचच्या आसपास उतरतो. ती नळी उपटली की परत 3 वर चढतो. चढला नाही तर रेग्युलेटर संशयित. शेवटची परीक्षा इंजिन बंद केल्यावरची. काटा काही मिनिटे जागेवर राहिला पाहिजे. तो डोळ्यांदेखत घसरला, तर पंपाची परतझडप गळते किंवा एखादा इंजेक्टर टिपकतो, आणि सकाळच्या चार सेल्फचे कारण सापडते.

तेव्हा हौस बाजूला ठेवली तर निवड फार अवघड नाही. रोजच्या घरगुती गाडीला कायमचे गेज नकोच. शंका आली की गॅरेजमधले दहा मिनिटांचे गेज पुरे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला बोनेटखाली, कार्ब्युरेटरजवळ, कमी मापाचे मेकॅनिकल गेज लावावे. सेटिंग करताना बघावे, एरवी विसरावे. टर्बो, वाढीव पंप, शर्यत यांतले काही असेल तर इलेक्ट्रिक, दिव्यासकट. मेकॅनिकल गेज केबिनमध्ये, आयसोलेटरशिवाय, कोणत्याही गाडीत नको.

उरते ती बसवणी, आणि आगी बहुधा निवडीने नाही, बसवणीने लागतात. सेन्सरचे आटे बऱ्याचदा पाव इंचाच्या अर्ध्या, म्हणजे 1/8 एनपीटी मापाचे असतात, इंचात 27. त्याच नावाचे 1/8 बीएसपी आटे इंचात 28 असतात आणि त्यांचा कोनही निराळा. दोन-तीन फेरे दोन्ही एकमेकांत गोडीने बसतात, म्हणूनच घात होतो. हाताने अडले की पान्याने रेटू नये, माप तपासावे. टेफ्लॉन टेपचे धागे सुटून इंजेक्टरमध्ये अडकतात, त्यापेक्षा पेट्रोलला टिकणारे सीलंट बरे, तेही पहिला आटा कोरडा सोडून. एका वायरीच्या सेन्सरचे अर्थिंग आट्यांतूनच जाते, तिथे टेप गुंडाळली तर काटा वेड्यासारखा वागतो. रेलवर ॲडॉप्टरवर ॲडॉप्टर चढवून पितळेचा मनोरा करू नये; इंजिनाच्या हादऱ्याने तो बुडाशी तडकतो. जड सेन्सर बॉडीला पक्का करून रेलपर्यंत जाळीचे आवरण असलेली छोटी नळी आणावी. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यामुळे नळी आणि सील त्याला चालणारे आहेत ना, हे घेतानाच विचारावे. वायर आत नेताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट आणि वाटेत फ्यूज विसरू नये.

सगळे जोडून झाल्यावर सेल्फ मारण्याची घाई करू नये. चावी तीनदा ऑन करून पंपाला दाब भरू द्यावा, मग प्रत्येक जोडाखालून कोरडा टिश्यू पेपर फिरवावा. गाडी तापवून, थंड करून, दुसऱ्या दिवशी तोच पेपर पुन्हा फिरवावा. कुठे ठिपका ओला दिसला किंवा नुसता वास आला, तरी त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये.